उजव्या कोपऱ्यावरचा खांब

बाबा, परवा लायब्ररीच्या उजव्या कोपऱ्यावरच्या खांबाचं डोकं बसवलं. छिन्नीच्या पहिल्या घावापासून शेवटच्या घासणीपर्यंत ते मी एकटीने घडवलंय, आणि इतकं झकास झालंय की खाली उतरून पाच मिनिटं मी फुटपाथवर खुळ्यासारखी बघत उभी होते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तरी पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच, कारण याच लायब्ररीच्या डाव्या कोपऱ्याबद्दल मी तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले होते. आज ते कबूल करायचंय. पण जरा दमानं घ्या, मुद्द्यावर यायला मी तुमच्याइतकाच वेळ लावते.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं आपलं किचन आठवतंय. आई चकल्या तळतेय, तुम्ही हॉस्पिटलमधून येऊन टाय सैल करताय, आणि ए-लेव्हलच्या परीक्षेत सगळे ए मिळवलेली तुमची एकुलती एक मुलगी सांगतेय की ती मेडिसिनची जागा सोडून दगडकाम शिकायला जाणार. तुम्ही आधी हसलात. मस्करी नाही हे कळलं तेव्हा मात्र आवाज असा चढला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. "हाडांच्या डॉक्टरची मुलगी पाथरवट होणार? मराठी मंडळात काय सांगू लोकांना? पोरगी छिन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढते म्हणून?" मी म्हटलं, "बाबा, ऑपरेशनला तुम्हीही छिन्नी-हातोडाच वापरता की!" आईला हसू आवरेना, तिने कढईकडे तोंड फिरवलं. तुम्ही पानावरून उठलात, आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी आईमार्फत बोललात. "तिला म्हणावं, मीठ सरकव." मी समोरच बसलेली असायचे.

मग दोनेक वर्षांनी एका रविवारी तुम्हीच म्हणालात, "चल, दाखव तरी काय दिवे लावतेस ते." आपण ट्रेनने लंडनला गेलो आणि दिवसभर खांब बघत फिरलो. मी सांगत होते, हा डॉरिक, ग्रीकांचा सगळ्यात जुना. खाली बैठक नाही, थेट जमिनीतून उभा, अंगावर उभ्या पन्हळी, त्यांच्या कडा धारदार, डोक्यावर साधी थाळी. तुम्ही लगेच, "अगदी आपली आत्या!" हा आयोनिक, याच्या डोक्यावर दोन्हीकडे दगडाच्या गुंडाळ्या. "चकली." हा कोरिंथियन, पानांच्या गुच्छाचा. "ही नवरी." मग मी म्हटलं की रोमन लोकांनी हे तिन्ही उचलले आणि वर दोन आपले काढले. एक टस्कन, त्याला पन्हळीसुद्धा नाहीत, आणि दुसऱ्यात कोरिंथियनची पानं असून वर आयोनिकच्या गुंडाळ्या. तुम्ही कोपरापासून हात जोडलेत. "लग्नात श्रीखंड आणि जिलबी दोन्ही वाढून घेणारी माणसं ही!" शेवटी एका खांबावर मी तुमचा तळहात ठेवला. म्हटलं, हा सरळ नाहीये, मधे किंचित फुगीर आहे. मुद्दाम केलंय. अगदी सरळ केला तर लांबून तो कमरेत खंगलेला दिसतो. तुम्ही हात वरपासून खालपर्यंत फिरवलात, पेशंटचा पाय तपासताना फिरवत असाल तसा. "मांडीचं हाडही सरळ नसतं," म्हणालात. "आत घालायचा रॉडसुद्धा बाक दिलेलाच लागतो." परतीच्या ट्रेनमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला तुम्ही खांबाचा फुगवटा समजावत होतात. तो बिचारा क्रॉसवर्ड सोडवत होता.

आता ते खोटं. मी शिकून तयार झाले होते आणि बेसिंगस्टोकजवळच्या त्या गावात लायब्ररीचं काम निघालं. समोर चार आयोनिक खांब. डाव्या कोपऱ्यावरचं डोकं पावसाने आणि थंडीने पार झिजलेलं, ते नवीन करायचं होतं, आणि आमच्या वर्कशॉपच्या मास्टरांनी ते मला दिलं. हे मास्टर म्हणजे वयस्कर, गोरे, बोलायला तुसडे, पण हात सोन्याचा. ते तीन आठवडे दुसऱ्या साइटवर होते. मी हुशारी केली. झिजलेल्या दगडावरून मापं काय घ्यायची, म्हणून शेजारच्या मधल्या, धडधाकट खांबावरून घेतली. जीव ओतून घडवलं. मास्टर आले, भोवती एक चक्कर मारली. "लव्हली," म्हणाले. "अँड राँग."

बाबा, आयोनिकच्या डोक्याला पुढून गुंडाळ्या दिसतात आणि बाजूने नुसता लोड दिसतो, आपल्या बैठकीवरच्या लोडासारखा. मधल्या खांबाला ते चालतं. कोपऱ्यावरचा खांब मात्र दोन रस्त्यांना दिसतो, त्याला दोन चेहरे लागतात. म्हणून कोपऱ्यावरची गुंडाळी तिरकी बाहेर काढतात, दोन्हीकडून पुरी दिसेल अशी. हे मला पुस्तकात पाठ होतं हो! परीक्षेत मी याची आकृतीही काढली होती. पण माप घेताना चांगला दगड बघितला आणि कोपरा विसरले. वेळ उरला नव्हता, मास्टरांनी स्वतः नवीन डोकं घडवलं. मी त्यांच्या हाताखाली धूळ झाडली आणि चहा केला.

आणि ते बसवून झालं, नेमके तेव्हाच तुम्ही आलात, न सांगता, मंडळातल्या दोन काकांना घेऊन. पुरी-भाजीचा डबासुद्धा होता. स्कॅफोल्डिंग नुकतंच उतरलं होतं. "यातलं तुझं कुठलं?" तुम्ही विचारलंत. काका बघत होते. मी डावीकडे बोट दाखवलं. मास्टर चहाचा मग घेऊन तिथेच उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, बोट कळलं. ते चहा घेऊन तसेच आत गेले. तुम्ही डोक्यावरची लोकरी टोपी काढलीत आणि मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिलात. मग काकांना म्हणालात, "ही आमची पाथरवटीण." तोच शब्द, किचनमधला. पण आता तुम्ही तो असा उच्चारलात की मला तिथेच रडू आलं. तुम्हाला वाटलं, थंडीने डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर तुम्ही वर्षानुवर्षं माणसं घेऊन तिथे जात राहिलात. क्रॉयडनहून आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सोडलं नाहीत. मी दर वेळी म्हणायचे, या खेपेला सांगून टाकू. नाही सांगितलं.

मास्टर रिटायर झाले, वर्कशॉप आता मी चालवते. माझं ते चुकलेलं डोकं अंगणात आहे, त्यावर बसून मी सँडविच खाते. या वर्षी उजवा कोपराही करायला निघाला तेव्हा मी कुणाला हात लावू दिला नाही. माप घ्यायच्या आधी चार वेळा दोन्ही रस्त्यांवरून चालून आले. खालून दोन्ही कोपरे सारखेच दिसतात. मला फरक कळतो. माझा काकणभर सरस झालाय, आणि हे मी मास्टरांच्या तोंडावरही सांगेन.

हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. पण बाबा, खोटं बोलले ते काकांसमोर लाज वाटली म्हणून नाही. तुम्ही टोपी काढून माझ्या कशाकडे तरी असं वर बघावं, हे मला किचनमधल्या त्या संध्याकाळपासून हवं होतं, आणि तुम्ही मास्टरांच्या कामाकडे बघत होतात तरी ते बघणं मी माझं म्हणून घेतलं. आता उजवीकडे बघा. हा माझा आहे.