पॅकेज रोशन

३ नोव्हेंबर, सोमवार
मालक सुरेशभाऊनं सौंसरच्या ऑफिसात नवी पोरगी कामावर घेतली. प्रणाली. पहिल्याच दिवशी माझ्या संत्रा-बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर बोट! म्हणे, "सर, सगळे क्लास, कोडचे सगळे तुकडे, एकाच फोल्डरमंधी कोंबले. नावं देऊन वेगवेगळी पॅकेजं पाडा ना. ज्याले जे लागन ते तो नाव लिहून इम्पोर्ट करन." मी कोड लिहून राहिलो तेव्हा ही शाळेत होती. आगाऊ.
भाऊ मात्र मान डोलवत होते. पुढच्या सोमवारी व्यापाऱ्याला डेमो. मग टीम लीडर ठरणार. म्हणजे मी.

४ नोव्हेंबर
जबरदस्त आयडिया. पॅकेज करतो, पण नाव 'रोशन'. वजन, भाव, बिल, सगळे क्लास आत. बिल पाहिजे तर प्रणालीबाईंना लिहावंच लागेल: इम्पोर्ट रोशन. स्वतःच्या हातानं.

५ नोव्हेंबर
क्लासपुढे 'पब्लिक' मुद्दाम लिहिलं नाही. त्याशिवाय पॅकेजबाहेर कोणाला वापरता येत नाही. येईल मागायला. तिची वाट पाहत जेवायलाही उठलो नाही.

७ नोव्हेंबर
मागायला आलीच नाही. 'मंडी' नावाचं पॅकेज काढून वजन, भाव, बिल, सगळे क्लास स्वतःचेच लिहिले म्हणे. चोरटी. भाऊंनी विचारलं, मदत करून राहिला ना तिले? म्हटलं, पाया माझाच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
पांढुर्ण्याला, घरी. माझे क्लास पब्लिक केले. मुख्य फाइलमध्ये तिच्या 'इम्पोर्ट मंडी'च्या डोक्यावर 'इम्पोर्ट रोशन' ठोकलं, सगळ्या क्लाससकट. उद्या पडद्यावर आधी माझं नाव. बायको वंदना म्हणाली, "तुमी कामाले जाता का भांडाले?" तिला टेक्निकल कळत नाही.

१० नोव्हेंबर
प्रोग्राम सुरूच झाला नाही. बिल नावाचा क्लास दोन्ही पॅकेजात, दोन्ही इम्पोर्ट केलेले. कोड तपासणारा कम्पायलर अडून बसला: यातलं कोणतं बिल? व्यापारी घड्याळ पाहून राहिला. प्रणालीनं एक ओळ पुसली. माझी. लगेच बिल निघालं. भिकार कम्पायलर.

११ नोव्हेंबर
भाऊंना बजावलं, माझं पॅकेज काढलं तर सगळं कोसळेल. प्रणालीनं माझ्यासमोरच डिलीट केलं. मी खुर्ची घट्ट धरली. तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला.
"काहीच नाही झालं सर. चालून राहिलं."
भाऊ हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "रोशन, उद्यापासून हिले विचारून काम कर."

१२ नोव्हेंबर
विचारलं. म्हणाली, बोरगावच्या व्यापाऱ्याच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे, काढून या.
काढला.