पोकळ फांदी

७ जुलै
चेन्नईत पोहोचले. मुंग्यांच्या वर्गीकरणाचं काम, तेही कृष्णस्वामी सरांच्या हाताखाली! राहायला अण्णा नगरात, सहकारी जननीच्या घरी वरची खोली मिळाली. तंजावरकडची मराठी माणसं. तिच्या आईने, वसंताबाईंनी, समोर बसवून इडल्या वाढल्या आणि जुन्या वळणाच्या मराठीत सांगलीची चौकशी केली. खिडकीला लागून शेवगा आहे. छान वाटतंय.

१२ जुलै
झाडांवरच्या सडपातळ मुंग्या ओळखायला शिकतेय. कमरेला दोन गाठी, डोळे मोठे नि लांबट, अंग इतकं निमुळतं की पोखरलेल्या काडीतही संसार मांडतात. भिंगाखाली सकाळभर खपून मी जी जात ठरवली, ती जननीने नुसत्या नजरेने चुकीची ठरवली. आणि बरोबर जननीच निघाली. सर कौतुकाने हसले, तिच्याकडे बघून.

२० जुलै
शेवग्याच्या वाळक्या फांदीत जननीला केशरी मुंग्या सापडल्या. कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळत नाहीत. सर म्हणाले, नाव तिनेच ठेवावं.
माझ्या खिडकीतला शेवगा. रोज बघत होते मी. दिसल्या मात्र तिला. वसंताबाईंनी आनंदाने पायसम, म्हणजे त्यांच्याकडची खीर, केलं. मला घोटभरही गेलं नाही.

२३ जुलै
जननी सरांकडे गेली तेव्हा तिने कापून आणलेली ती फांदी उचलून माझ्या कपाटात ठेवली. नव्या जातीचं वर्णन आधी मी छापायला पाठवणार, म्हणजे नाव मी ठेवणार. ती रडवेली होऊन घर धुंडाळत होती. मीही तिच्यासोबत शोधलं.

२५ जुलै
फांदी रिकामी. राणीसकट सगळ्या गेल्या. कपाट, गादी, भिंती, सगळं पाहिलं. फांदी उचलताना तर्जनीला डंख झाला होता. सूज उतरली, पण बोट हलकं वाटतंय.

२८ जुलै
बोट टेबलावर टेकलं की काडीसारखं वाजतं. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत हाड दिसत नाही, पुन्हा काढू. नखाखालून काहीतरी केशरी डोकावलं आणि—

२९ जुलै
शेवटी जननीला हात दाखवला. तिने तो भिंगाखाली धरला. वाटलं, घाबरेल. तिचा चेहरा उजळला.
“हलू नकोस, ऋजुता,” ती म्हणाली. “राणी आत आहे.”
दुखतंय का, ते विचारलं नाही.

३० जुलै
डाव्या हाताने लिहितेय. मनगटही पोकळ. तिने सरांना कळवलंसुद्धा. म्हणजे नाव पुन्हा तीच—

दुपार
जननी दाराबाहेर आहे. नमुन्याची बाटली आणलीय म्हणते. मऊ आवाजात. कडी लावलीय. राणी देणार नाही. माझ्या अंगात आहे ती, माझी— कोपर गेलं— खांदा— तिला नाही मिळणार, तिला कधीच— आता कानाशी—