कॅमेऱ्याला घातलेली टोपी

काका,

कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. हे तुम्हालाच सांगतोय, कारण बाकी कोणाला सांगितलं की ते म्हणतात, मग चांगलंच झालं की.

कळंबच्या तुमच्या स्टुडिओत आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, तांड्यावरून आलेला, भिंती रंगवून हात फाटलेले. तुम्ही कॅमेरा माझ्या कानाशी धरून शटर दाबलं, आकडा फिरवला, पुन्हा दाबलं. "हा पयल्यापेक्षा लवकर मिटला," मी म्हणालो. तुम्ही हसलात. "कान तं कुत्र्याचे आहेत रे तुले. डोये कोणाले देऊन आला?" त्या कानांवर मी पुढे यवतमाळात दुरुस्तीचं दुकान आणि छोटा स्टुडिओ टाकला. महागावचा लग्नाचा फोटोवाला तणतणत येतो, "भाऊ, फोटो काये येऊन राह्यले, मीटर गेलं." पाहतो तर त्यानंच कधीतरी उजेडाचा आकडा उणे दोनवर नेऊन ठेवलेला. "मीटर नाही गेलं बाप्पा, तुयं ध्यान गेलं," म्हणतो आणि चहा पाजून परत पाठवतो. राजूरच्या खाणीकडून येणाऱ्याच्या कॅमेऱ्यात लेन्समागच्या सोनेरी टिकल्यांवर कोळशाची पूड बसलेली असते. खोडरबरानं पुसली की उजेड मोजणारं मीटर शुद्धीवर येतं. लेन्सच्या आतली पाकळी अडकत असेल तर ती मला न उघडता ऐकू येते. आणि तुमचा नियम मी कधी मोडला नाही : बिघडलेल्या कॅमेऱ्यानं, दोष सापडल्याबिगर, कोणाचा फोटो काढायचा नाही.

माझ्या याडीचा, आईचा, धड एक फोटो नव्हता. कॅमेरा काढला की ती हात झटकायची, "लोकायचे काढ, माह्यं काय थोबाड पाहतं." तांड्यावर फेटिया-कांचळी, आमचा घागरा-चोळी, अंगावर असलेली ती शेवटची बाई; बाकीच्या कधीच साडीवर गेल्या. चैतात एका दुपारी ती आपणहून आरशांची कांचळी घालून लिंबाखाली बाजेवर येऊन बसली. "आज काढ. पन तू बी माह्याजवळ बस." मी तिपाई लावली. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतंय, ती सावलीत आहे. आरसे चमकले की कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळा करतो, हे माहीत असल्यानं मी आकडा एकनं वाढवून ठेवलाय. शहाणाच मी. टायमर लावून धावत जाऊन बसतो. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. टिक टिक होते, शटर वाजतं, आणि माझ्या कानाला ते आखूड लागतं. जेवढा वेळ उघडं राहायला हवं तेवढं राहिलं नाही. मला कळलं होतं, काका. पण हात गुडघ्यावर होता, मी उठलो नाही.

पडद्यावर पाहिलं तर आरसे तेवढे दिसत होते, तोंड नव्हतं. पुन्हा टायमर लावला, पुन्हा तेच. तोवर शेळी सुटली म्हणून ती उठून गेली. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून रिकाम्या बाजेचा फोटो काढला, तो इतका नेटका आला की सुंभाचा एकेक पीळ मोजावा. म्हणजे कधी येणारा, कधी जाणारा दोष. कारागिराला सगळ्यात जड तोच. उजेडाचे आकडे हातानं बसवून त्याच दिवशी फोटो काढता आला असता, हे आज सुचतं. तेव्हा डोक्यात फक्त दोष बसला होता.

दुकानात बॅटरी बदलली, टिकल्या पुसल्या, लेन्स बदलून पाहिली, राखाडी भिंतीचे शंभर फोटो काढले. सगळे बरोबर. याडी दर आठवड्याला फोन करायची, "झाला का तुया कॅमेरा? कांचळी वरतंच ठेवली मी." बायको म्हणाली, "फोननं काढा ना एखादा, कायले तिले ताटकळवता?" मी हसलो. "फोटोवाल्याच्या मायचा फोटो, अन् फोननं?" आखाडात तिला ताप आला. तीन दिवसांत गेली.

त्यानंतर महिनाभरानं एका शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता. तिपाईवर दुसराच कॅमेरा लावला, बाजूला उभा राहून रिमोट दाबला. काळा. ऊन पाठीवर होतं. वाकून डोळा लावला आणि आतला शटरचा आकडा माझ्यादेखत उतरला. डोळा जरा मागे घेतला, चढला. डोळा लावायच्या काचेतून पाठीमागचं ऊन आत शिरत होतं, मीटर त्यालाच उजेड समजत होतं. भिंतीचे शंभर फोटो मी डोळा लावून काढले होते. गुरुजी विचारत होते, "काय झालं हो, बसता काहून खाली?"

तेव्हा मला तुमची टोपी आठवली. कॅमेऱ्यापासून बाजूला होताना तुम्ही डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पाठीवर, डोळा लावायच्या काचेवर ठेवायचात. आम्ही मागे हसायचो, "काका कॅमेऱ्याले नवरदेव करून राह्यले." मला वाटायचं, तुमची काही श्रद्धा असेल. तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुमच्यावर रागावून पाहिलं, पण तो राग दोन दिवसही टिकला नाही. मग माझ्यावरचाच उरला, तो काही जात नाही. त्या काळ्या फोटोतून तोंड वर काढायला कॉम्प्युटरवर किती उजेड ओढला, नुसते दाणे येतात. डोळ्यांच्या जागी दाणे, ओठांच्या जागी दाणे. आता दुकानात कोणी कॅमेरा आणला तर मी ऐकतो, दोष सांगतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र तुमच्या घरच्यांना नेऊन द्यावं असं एकदा वाटलं होतं. देणार नाही. भिंतीवर याडीचा जो मोठा फोटो लावलाय, तो तिच्या आधार कार्डावरून वाढवलेला आहे. पंचायतीत आलेल्या कोण्या ऑपरेटरनं काढलेला, उजेड अगदी बरोबर. खाली कोपऱ्यात मी माझ्या स्टुडिओचं नाव टाकलंय.