डाव्या पंखाचा कणा

मुसफ्फा, अबुधाबी
शुक्रवार, ता. १३ जून २०२५, पहाटे ५ वाजून ४० मिनिटे

ती. भिवाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने ओठावर बर्फ धरून लिहीत आहे. पत्राचा फोटो शुभ्राच्या मोबाइलवर पाठवतो. ती वाचून दाखवील.

आम्ही बांधतो ते विमान नव्वद वर्षांपूर्वीच्या नकाशांवरून आहे. सगळे लाकडी. पंख खाली पोटाशी, वर काचेची बंद खोली. तेव्हा वैमानिक उघड्यावर वारा खात बसत, म्हणून या खोलीला लोक हसले म्हणे. पंखाचा कणा, म्हणजे आतली मुख्य तुळई, मूळ बांधणाऱ्यांनी तीनदा बदलली. तिन्ही नकाशे आमच्या भिंतीवर आहेत.

काल डाव्या पंखाच्या कण्याच्या दोन फळ्या चिकटवल्या. गोंद कालवल्यावर वीस मिनिटांत फळ्या दाबून धरणारे लोखंडी शिकंजे आवळायचे असतात. मी लाकडावर खडूने वेळ लिहितो. कालवला ६.१०, आवळले ७.०५. या उन्हात गोंदावर साय धरली होती. फोरमन सदानंदना म्हटले, हा जोड टाकून देऊ. ते म्हणाले, हबीबी, पुढच्या महिन्यात उडवायचे आहे, यल्ला, आटप लवकर. मी पुन्हा म्हटले, तेव्हा शिकंजा तोंडावर फेकला. एक दात पडला. खडूची वेळ त्यांनी थुंकी लावून पुसली.

काय करू ते कळवा. आशीर्वाद असू द्या.

आपला,
सोमनाथ

देवबाग, ता. १६ जून

चि. सोमनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

सांगतो मी, लिहिते शुभ्रा. ती म्हणते, दात पडला तरी दादाची एक वेलांटी चुकली नाही, म्हणजे डोके शाबूत आहे.

आपल्याकडे होडी बांधणारा पहिल्या फेरीला स्वतः बसतो. एक मिस्त्री बसेना, तेव्हा माझ्या बापाने ती होडी वाळूतच कुऱ्हाडीने फोडली. तुझ्या त्या फोरमनला एवढेच विचार, बसतोस काय?

काकू जेवलास का विचारते. माया आहेच.

भिवाकाका

अबुधाबी, शुक्रवार, ता. १८ जुलै, दुपारी ३ वाजता

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताचे अक्षर गोड मानून घ्या.

महिनाभर मी गप्प राहिलो, हे आधी कबूल करतो. वाळूच्या पिशव्या लादून सदानंदनी फक्त उजव्या पंखाची ताकद तपासली आणि कागदावर दोन्ही तपासल्याचे लिहिले. तरीही गप्प.

आज पहाटे पहिल्या उड्डाणासाठी वैमानिक मुनिबा मॅडम पंखावर पाय देऊन आत बसल्या, पट्टा आवळला. तेव्हा माझ्याने राहवले नाही. मालकासमोर सदानंदना विचारले, मॅडमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, बसता का? ते हसले. मग हसेनासे झाले. मग हातातला पाना माझ्या मनगटावर घातला. हाड मोडले ते ऐकू आले.

आगीसाठी टांगलेली कुऱ्हाड मी डाव्या हाताने काढली. मॅडम ओरडत उतरल्या. डाव्या पंखावर चार घाव बसले. पाचव्याआधी रखवालदारांनी मला पाडले, बरगड्यांत लाथा घातल्या. सदानंदनी मानेवर बूट ठेवला. तोंडात रक्त आणि वाळू.

मॅडमनी फुटलेल्या पंखात हात घातला आणि कण्याच्या दोन फळ्या नुसत्या बोटांनी वेगळ्या केल्या. जोड धरला असता तर लाकूड फाटले असते. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत होत्या. एक तंतू चिकटला नव्हता.

बूट मानेवरून निघाला.

सदानंदना पोलीस घेऊन गेले. माझ्यावर तक्रार नाही. हात बरा झाला की नवा कणा मीच करायचा, असे मालक म्हणाले. तुमचा रिवाज मी मॅडमना सांगितला. त्यांना तो फार आवडला. शेजारची खुर्ची त्यांनी माझ्या नावाने ठेवली आहे.

काका, मला उंचीची भीती वाटते. हे शुभ्राला वाचू देऊ नका. आशीर्वाद मात्र जास्तीचे पाठवा.

आपला,
सोमनाथ