मुभा

बाबा, आज तुमच्यावर राग काढायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता मध्येच बोलून विषय बदलता येणार नाही तुम्हाला.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधलं ते जेवणाचं टेबल. छावणीतल्या एका मेजरसाहेबांकडून तुम्ही क्रिबेज शिकून आलात. पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की गुण, जोडी लागली की गुण, आणि जितके गुण तितकी भोकं लाकडी फळीवरची खुंटी पुढे. पण साधी फळी तुम्हाला पुरेना. तुम्ही स्वतः भोकं पाडून वाटेत अडथळे लिहिलेत: खड्डा, चिखल, आडकाठी. तिथे खुंटी आली की मागच्या वळणावर परत. आडकाठीच्या अलीकडे एका भोकाशी लिहिलं होतं, 'मुभा'. मी लहान, शाळेत हिंदी, खाली खेळायला गेलं तरी हिंदी. 'मुभा म्हणजे काय?' विचारलं, तर पत्ते पिसत म्हणालात, 'वाचता येतं ना? मग खेळ.' हाही अडथळाच समजून मी खुंटी उचलून मागे नेली आणि तुम्ही नेऊ दिलीत. वर तुमचा तो लाडका नियम, आपले गुण मोजायचे राहिले तर समोरच्याने घ्यायचे. 'मोजले नाहीस? मग माझे.' किती खुशीत म्हणायचात.

मग गुडगावची नोकरी आली. परदेशी कंपनी, काचेची इमारत, न्यायला-आणायला गाडी. आईने पोहे केले होते, तुम्ही पेपरात डोकं घालून बसला होतात. 'जाऊ का?' मी विचारलं. पेपर न हलवता तुम्ही म्हणालात, 'तुला मुभा आहे.' झालं. मी मागे फिरले. कंपनीला नकार कळवला, दार लावून रडले. आठवड्याने तुम्ही विचारलंत, 'काय गं, गेली नाहीस?' मी म्हटलं, 'तुम्हीच तर अडवलंत. मुभा म्हणालात ना.' तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चांगलं पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं, बाबा. अजून फोन करता आला असता. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पान उलटलंत.

तुम्ही गेल्यावर करोल बागेतल्या गणपतीत पाटी दिसली, 'मुलांना मंचावर जाण्याची मुभा नाही.' मला अर्थच लागेना. शेजारच्या काकू हसल्या, 'अगं, मुभा म्हणजे परवानगी. मोकळीक.' अच्छा, म्हणजे त्या भोकावर आलेल्याला पुढची आडकाठी माफ होती. मी मात्र दर वेळी मागे जात राहिले. प्रसादाचा द्रोण तिथेच ठेवून मी निघाले. एक शब्द सांगायला काय जात होतं तुमचं? तेव्हा पोरीला हरवायचं होतं, ठीक. नंतर काय जिंकायचं होतं? मी घरातच राहिले, तेच ना?

फळी माझ्याकडे आहे, इथे दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये. काल ती काढली, खुंटी मुभेवर ठेवली आणि आडकाठी ओलांडून पुढे नेली. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मग समोर तुमचीही खुंटी लावली, दोघांचे पत्ते वाटले. हे पत्र कुठे जायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. माझ्या हातात पंधराची बेरीज होत होती. मोजली नाही. तुमच्यासाठी सोडली.