पान एकशे बारा

प्रिय सुप्रे,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या दोन्ही वेळा सोयाबीनचं, शाळेचं, माझ्या गुडघ्याचं असं काहीबाही लिहीत बसले आणि मुद्द्यावर यायच्या आत कागद फाडले. आज वर्गाला चित्रं काढायला बसवलंय. पोरं शांत आहेत, मीच दर दोन ओळींना उठून खिडकीशी जाते. तेव्हा मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे मला पळायला जागा उरणार नाही. माझ्या कादंबरीत माझ्याकडून एक चूक झाली आहे. त्या चुकीचा माग काढत कुणी निघालं, तर ते थेट धनजच्या बाजारात तुझ्यासमोर येऊन उभं राहील.

कादंबरी म्हणजे तीच, ‘रिकामा बाक’. दिवाळीत तुझ्या धम्मरत्नच्या पंपदुरुस्तीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवली होती. मोटारीच्या खोक्यात पडून आहे, वाचायला सवड नाही, असं तू कळवलंस तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुझ्यासारखी सगळी माणसं असती तर किती बरं झालं असतं! पण पोरांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. आठवीतली मृण्मयी मैत्रिणीच्या हरवलेल्या बहिणीचा शोध घेते, दर प्रकरणाच्या शेवटी एक नवा संशय येतो, आणि मुलं म्हणे जेवताना ताटाशेजारी पुस्तक ठेवतात. प्रकाशकांना दुसरी आवृत्ती काढायची आहे. तपासलेली पानं शुक्रवारपर्यंत परत हवी आहेत.

मी सगळं बदललं होतं गं. मंगरूळपीरचं नदीकाठचं गाव केलं, तुमच्या मळ्याच्या जागी डॉक्टरांचा बंगला बांधला, एसटीची आगगाडी केली. बारा वर्षांपूर्वी तुझे कपडे माझ्या दप्तरात कोंबून मी तुला धम्मरत्नबरोबर अकोल्याच्या गाडीत बसवलं, त्यातलं एक अक्षर पुस्तकात नाही. तुझा सख्खा भाऊ असून गणेशदादा महिनाभर बसस्टँडवर मित्र घेऊन उभा असायचा, ‘दिसू द्या फक्त, दोघायलेबी तोडतो’ म्हणत, तेही नाही. तो आमच्या घरी आला तेव्हा मी पुस्तकात तोंड खुपसून ‘मले काय मालूम’ म्हणाले होते. तेव्हापासून खोटं बोलणं हा माझा जोडधंदाच झाला. पुढं लोक त्याला लेखन म्हणायला लागले, ही गोष्ट वेगळी.

चूक पान एकशे बारावर आहे. मृण्मयी परगावच्या बाजारात जाते, तिथं मेथीची एक जुडी उचलते आणि गाठ बघूनच ओळखते की हरवलेली मुलगी इथंच कुठंतरी भाजी विकते आहे. ती गाठ तुझ्या आईची, तुळसाकाकूंची आहे. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर गेलं होतं, म्हणून त्या अंबाडीच्या तंतूंचा ओला वाख डाव्या हातानं उलटा फिरवायच्या, दोन वेढे द्यायच्या आणि शेपूट मुळांच्या बाजूनं वर काढायच्या. त्यांचं बघून तुमचं अख्खं घर तसंच बांधायला शिकलं. कॉलेजातून आल्यावर तुमच्या ओट्यावर बसून मीही शेकड्यानं जुड्या बांधल्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सुरतेहून परत आलात, धनजला वावर ठोक्यानं कसायला घेतलं आणि तू बाजारात बसायला लागलीस, असं तुझं पत्र आलं. त्याच आठवड्यात मी हे पान लिहिलं. लिहिताना मला वाटलं, काय भन्नाट सुचलंय!

संपादक म्हणाले होते, हे फार बारीक आहे, काढा. मी अर्धा तास फोनवर भांडले. तुला कळतंय ना? मला ते पान वाचवायचं होतं. ‘ओळखणार कोण?’ असंही मनात आलं होतंच. मळ्यात राबणारी माणसं, ती कशाला कादंबरी वाचतायत? तुमच्याच घरचं खाऊन मोठी झालेली मी, आणि चार पुस्तकं छापल्यावर मला एवढा माज चढला. लाज वाटते लिहायला, पण हे तुला कळायला हवं.

झालं असं, की गणेशदादाच्या मोठ्या पोरीनं शाळेच्या वाचनालयातून पुस्तक नेलं. तुझ्या बाबांच्या, चंपतकाकांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून ते ओसरीवर बसून असतात. आजोबांना विरंगुळा म्हणून पोर रोज त्यांना एकेक प्रकरण वाचून दाखवायची. महिन्यापूर्वी काका काठी टेकत माझ्या शाळेत आले, पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसले आणि म्हणाले, “वैजू, हे गाठ तू कुठी पाह्यली?” मी डस्टर घेऊन फळ्याकडे वळले. म्हटलं, सगळेच भाजीवाले अशीच बांधतात की. ते हसले. “मले नको शिकवू. पन्नास वर्सापासून जुड्या बांधून राह्यलो मी.” आणि पाणीही न घेता उठून गेले.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. वर्गात तीनचा पाढा चाराच्या पुढं जाऊन चुकते. आठवड्यानं गणेशदादाची बायको भागिरथा भेटली. म्हणाली, “बाबा बसनं गावोगाव फिरून राह्यले. इचारलं त सांगत नाही.” मग तर मी शाळा सुटली की बसस्टँडवर जाऊन उभी राहायला लागले, गणेशदादा उभा असायचा ना, अगदी तिथंच. काका मेडशीच्या गाडीत चढताना दिसले, मग मालेगावच्या, मग कारंज्याच्या. तुला लगेच कळवायला हवं होतं. फोन करायचा नाही हा आपला नेम, पण पत्राला कुणी अडवलं होतं? मी भ्याले, सुप्रे. कळवलं असतं तर चुकीची कबुली द्यावी लागली असती, म्हणून तुला वाऱ्यावर सोडून मी नुसती बसगाड्या मोजत राहिले. याबद्दल तू मला हव्या तितक्या शिव्या दे.

परवा सोमवारी काका पुन्हा आले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी मेथीची एक सुकलेली जुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “भेटली,” म्हणाले. मी रडायलाच लागले. गयावया करून सांगितलं की तिचं चांगलं चाललंय, मुलगी आहे, नवरा लाखात एक आहे, गणेशदादाला सांगू नका. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाले, “म्हनूनच आलो मी. ते पान काहाडून टाक. पोरगी घरात जोरजोरानं वाचते. आज मले समजलं, उद्या गनेशले समजंल. त्याचा राग अजून गेला नाही.” एवढ्यावरच ते थांबले नाहीत. घरात त्यांनी फर्मान काढलंय, जुडीला आता वाख लावायचा नाही, रबर लावायचा. गिऱ्हाईक कटकट करतं असं गणेशदादाला सांगितलंय. तुळसाकाकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची म्हणून घरात उरलेली ती एक गोष्ट काकांनी स्वतः बंद केली, का, तर ती कुणाच्या डोळ्यांसमोर राहू नये आणि धनजच्या बाजारात कुणाला ती ओळखू येऊ नये.

पान मी काल काढलं. संपादक म्हणतात, आता रहस्य लंगडं झालं. होऊ दे. जुन्या प्रती बाहेर आहेतच, म्हणून तूही रबर लाव, निदान काही महिने. पण हे दोन ओळींच्या चिठ्ठीतही मावलं असतं. एवढं लांबण लावलं ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते सांगायचं नाही अशी काकांनी मला शपथ घातली आहे. “तिले मालूम पडलं त ते भिऊन गाव सोडून देईन,” म्हणाले. मी ती शपथ मोडते आहे. सुप्रे, काका आतापर्यंत तीन आठवडी बाजारांना तुझ्यासमोर येऊन उभे राहिलेत. काळा चष्मा, तोंडावर दुपट्टा, तू ओळखलं नाहीस. तू त्यांना म्हणालीस, “घ्या बाबा, आताच तोडली.” हे वाक्य त्यांनी मला सोमवारी तीनदा सांगितलं. घरी मेथीचे ढीग असताना ते दोन गाड्या बदलून तुझ्याकडे मेथी घ्यायला येतात आणि घरी कुणी विचारू नये म्हणून परतताना कारंज्याच्या स्टँडवर ती गाईला घालतात; मला दाखवलेली जुडी तेवढी राखली होती. येत्या बाजारालाही ते येणार आहेत. ओळख द्यायची की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. फक्त तो म्हातारा गिऱ्हाईक नाही, एवढं तुला ठाऊक असू दे.

तुझीच,
वैजू