नाव माझं, ओ त्याची

२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. खाडीकाठचं हे लाल कौलांचं घर मी तरुणपणापासून पाहतोय, पण राहायला पहिल्यांदाच आलो. रिग्मोरनं दारातच माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि विचारलं, की तुझ्या शहरात लोणी मिळत नाही का, किती वाळलास! मग भर दुपारी मेणबत्ती लावून काळा पाव, मासे, काकडीचं लोणचं.

थोगर, तिचा नवरा आणि माझा जुना सहकारी, वसंतात वारला. त्याची अर्धी राहिलेली संगणकभाषा मी पुरी करायची आणि नाताळाआधी विद्यापीठात मांडायची, असं ठरलंय. अर्थात त्याच्या नावानं.

त्याच्याच खोलीत मुक्काम आहे. खिडकीतून शेतं दिसली आणि शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेल्या ओळी आपोआप ओठांवर आल्या:

चंडोल उडाला ओल्या रानातून,
घर माझे उरले त्याच्या कंठातून.

पुढची सगळी कडवी म्हटली. एक मात्रा हलली नाही अजून.

६ ऑक्टोबर

भाषेचं नाव त्यानं शिंपला ठेवलंय. आज ती मला उमगली, आणि जेवण गेलं नाही.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सगळ्यांनी जन्मभर दोन जाती मानल्या. एक फंक्शन: हाक मारली की धावतं, काम करतं, उत्तर देतं आणि मागं काही न ठेवता विझतं. दुसरी वस्तू: ती नुसती असते, आपल्या पोटात सांभाळते. थोगरनं विचारलं, की विझू का द्यायचं? काम झाल्यावर फंक्शनच्या पोटातलं तसंच राहू दिलं, तर तीच वस्तू. दोन जाती नाहीतच. अख्ख्या भाषेत एकच प्रकारची चीज.

आणि नियम एकच: जोवर कुणी नाव धरून आहे, तोवर आतलं राहतं. नाव सुटलं, की झाडून जातं.

इतकं साधं. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. मला का सुचलं नाही?

११ ऑक्टोबर

शेजारचा पाले कॉफीला आला होता. निवृत्त दंतवैद्य, जिभेला हाड नाही. म्हणाला, की दोन शहाण्यांनी उभा जन्म घालवून दोन खोक्यांचं एक खोकं केलं. माझ्या बायकोनं कपाट आवरताना जेवणाआधी केलं असतं. रिग्मोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग जिन्याखालून मला हाक मारताना ती पुन्हा चुकली. ‘थोगर, कॉफी!’ रोज चुकते. कॉलेजच्या नाचाला तिला मी घेऊन गेलो होतो. परत आली ती थोगरच्या सायकलवरून. मेला, तरी त्याचं नाव तिच्या तोंडातून जात नाही.

१५ ऑक्टोबर

भाषेतल्या सगळ्या चिजा जिच्या पोटात आहेत, त्या मूळ चिजेला त्यानं स्वतःचंच नाव दिलंय. थोगर अशी हाक मारली, की पडद्यावर उमटतं: ‘बोल.’ फोनवरही तो असंच म्हणायचा. त्याचा तो ऐटबाज, आळसट ‘बोल’.

आज ते नाव पुसलं आणि तिथे माझं लिहिलं: एवाल्ड. कुणाला काय कळणार? शेवटचं काम मीच केलंय ना. हाक मारली. ‘बोल.’ कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

१६ ऑक्टोबर

सकाळी खालून हाक आली: ‘एवाल्ड, कॉफी!’ न चुकता. काय बरं वाटलं म्हणून सांगू. मी उत्तर दिलं: ‘बोल.’

मी असं कधी म्हणत नाही.

२१ ऑक्टोबर

कॉफीत दूध नको झालंय. रिग्मोर म्हणते, तुला कधी लागायचं? पेन डाव्या हातात येतं. थोगर डावखुरा होता. मी उजव्या हातानं लिहितोय, मुद्दाम.

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसते आता. हेच हवं होतं ना मला? पण मला त्याचाच हेवा वाटतो, जो माझ्या जागी बसून तिच्याशी बोलतोय.

२५ ऑक्टोबर

टेबलावर छोटा झेंडा, केक. वाढदिवसाला आपल्याकडे मांडतात तसा. पाले गात होता. रिग्मोर म्हणाली, की एवाल्ड, आज तुझा वाढदिवस, विसरलास?

आज थोगरचा. माझा मे महिन्यात. मे — की जून? आई रानफुलं ठेवायची उशाशी. कोणती —

२७ ऑक्टोबर

चूक समजली. मी फक्त नाव हलवलं. आतला तोच राहिला. एवाल्ड म्हटलं की तो ओ देतो.

आणि त्या नावाखाली आधी जो होता — मी — त्याला धरणारं कुणी उरलं नाही.

२८ ऑक्टोबर

नाव परत बदलायला बसलो. थोगर लिहिलं. पडद्यावर: असं कुणी नाही.

एवाल्ड लिहिलं. पडद्यावर काही उमटलं नाही. माझंच तोंड म्हणालं —

२९

रिग्मोरला सांगितलं सगळं. उजव्या हातानं तिचा हात धरून सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘तुझी ही थट्टा जुनीच रे. एवाल्ड कविता म्हणायचा. तू कधी म्हटलीस?’

म्हणजे तिला कळतंय? मग मला एवाल्ड का म्हणतेस — विचारलं. तिला आपण काय बोललो तेच आठवेना.

कविता. कविता धरून ठेवायची. ती माझी आहे.

चंडोल उडाला ओल्या रानातून,
घर माझे — घर —

३०

झाडून चाललंय. बाईंचा चेहरा नाही. शाळा नाही. चंडोल म्हणजे पक्षी ना? चंडोल उडाला —

खालून हाक येतेय. किती गोड मारते. एवाल्ड, एवाल्ड. ओ देणार नाही. दात आवळून — डावा हात पेन काढून घेतो —

बोल, रिग्मोर. आलोच, एवढं पान संप —